चापाची ताटली : किती हलकी, किती घट्ट?
उसातल्या उंदरांसाठी बोल्ट-नटाची निवड

आष्टा (ता. वाळवा) : सांगलीहून पेठकडे जाताना आष्ट्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो. ऊस उंच झाला, पडला की आत माणसाला शिरता येत नाही. उंदराला मात्र ते मोकळे रान. बुडाजवळच्या कांड्या कुरतडल्या जातात, रस आंबतो, ऊस वाळतो. तोडणीच्या वेळी नुकसान दिसते, पण तोवर वेळ गेलेली असते. विषाच्या गोळ्या टाकाव्यात तर जनावरांची, कोंबड्यांची, पोराबाळांची भीती. म्हणून बरेच जण लोखंडी चापाकडे वळतात. आणि मग बांधावर नेहमीची तक्रार ऐकू येते, “चाप लावला, पर उंदीर काय गावंना. सकाळी बघावं तर बेडूक, न्हाईतर चाप रिकामाच मिटलेला.”

दोष बहुधा आमिषाचा नसतो, मधल्या ताटलीचा असतो. बाजारात मिळणाऱ्या चापाची ताटली रिवेटवर झुलते. रिवेट सैल असला तर वाऱ्याने हललेले पाचट, बेडूक, चिमणी, कशानेही चाप सुटतो. रिवेट गंजून घट्ट बसला तर उंदीर ताटलीवर बसून आमिष खाऊन जातो. यावर उपाय सोपा आहे : रिवेट कानशीने घासून काढावा आणि त्या जागी बोल्ट घालावा. नट आवळला की ताटलीचे दोन्ही कान दाबले जातात आणि ताण आपल्या हातात येतो.

बोल्ट कसा घ्यावा? लहान चापाला दीड सुताचा, म्हणजे जवळपास 5 मिमीचा पुरतो. घुशीच्या मोठ्या चापाला दोन सुताचा. पूर्ण आट्यांचा बोल्ट घेऊ नये. ताटली आट्यांवर फिरली तर भोक खाल्ले जाते आणि महिन्याभरात ताटली डगमगू लागते. कानांच्या आतला भाग गुळगुळीत, आटे फक्त नटापुरते, असा बोल्ट निवडावा. दोन्ही कानांबाहेर साधा वायसर, नटाखाली स्प्रिंग वायसर.

नटाचे तीन प्रकार दुकानात मिळतात. पंखाचा नट हाताने फिरतो, पण पाचटात अडकून आपोआपच सैल होतो. शेतात त्याचा भरवसा नाही. साधा नट घ्यायचा तर दोन घ्यावेत, वरचा चेकनट म्हणून आवळावा. तिसरा नायलॉक. त्याच्यातली नायलॉनची कडी आटे धरून ठेवते, त्यामुळे लावलेला ताण टिकतो. मात्र वारंवार काढघाल केली की कडी झिजते, तेव्हा नट बदलावा. उसात सतत ओल आणि खताचा क्षार. साधे लोखंड लवकर गंजते आणि गंजाने ताण बदलतो. चार पैसे जास्त गेले तरी स्टेनलेस घ्यावा, निदान जीआय तरी.

ताण मोजायला किराणा दुकानातली वजने पुरतात. वजन दोऱ्याने काठीच्या टोकाला बांधून ताटलीवर अलगद टेकवावे. हात लांब ठेवावा. 20 ग्रॅमला चाप सुटू नये, 50 ग्रॅमला सुटावा. शेतातला मोठा उंदीर दोनशे-तीनशे ग्रॅमचा असतो, पण एका पायावर सारे वजन येत नाही, म्हणून हा हिशेब. चिखल बसला, पाऊस झाला की पुन्हा तपासावे.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत कोयोट पकडण्याच्या पायचापांना ताटलीच्या ताणाची सोय बसवून प्रयोग झाले. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात खोकड, स्कंक अशी लहान जनावरे मोठ्या प्रमाणात सुटल्याचे आणि कोयोट मात्र अडकल्याचे दिसले.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताण हलक्या जिवाला वाचवतो, जड जिवाला नाही. मांजर, कुत्र्याचे पिल्लू, मुंगूस ही उंदराहून जड. मुंगूस आणि धामण तर आपलेच राखणदार. तेच चापात गेले तर पुढच्या हंगामाला उंदीर दुप्पट. म्हणून चाप उघड्यावर लावू नये. विटांचा किंवा फळ्यांचा बोगदा करून आत ठेवावा, तोंड मूठभरच ठेवावे. मांजर, कोंबडी आत जात नाही, पोराचा हातही सहजी पोचत नाही. मुंगूस मात्र बिळातही शिरतो, त्याला बोगदा अडवत नाही. त्याला वाचवायचे ते वेळेने. मुंगूस दिवसा फिरतो, उंदीर रात्री. दिवस मावळल्यावर चाप लावावा आणि उजाडायच्या आत उचलावा. एवढी शिस्त पाळली की निम्मे काम झाले.

शेवटी कायद्याचे. ही सारी चर्चा उंदरापुरती. रानडूक, ससा, कोल्हा, बिबट्या यांच्यासाठी पायचाप किंवा तारेचा फास लावणे म्हणजे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच, मग जनावर मरो अथवा न मरो. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकला की जखमी जनावर आणि जमलेली गर्दी, दोघांच्याही जिवावर बेतते. वाळवा-शिराळ्याच्या उसात बिबट्याचा वावर आहे, हे विसरून चालणार नाही. पिंजरा लावणे हे वनखात्याचे काम. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केले तर वनरक्षकाला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाईची तरतूद आहे. गावच्या कारभारी मंडळींनी हे चावडीवर एकदा समजावून सांगितले तर फास लावायची पाळीच येणार नाही.

बोल्ट-नटाला खर्च थोडा, मेहनत अर्ध्या तासाची. पण त्या अर्ध्या तासावरच चापात कोण सापडणार, आपला वैरी की आपला राखणदार, हे ठरते.