खळाळत्या पाण्याची वाट

आमचें लोटे हें गांव जगबुडी व वाशिष्ठी या दोन नद्यांच्या मधल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर वसलेलें आहे. त्यामुळें भरलेली नदी कशी दिसते, हें येथील विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीनें चिपळूण शहर बुडविलें, तें आमच्यापैकीं कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. असें असूनहि गेल्या पावसाळ्यांत आमच्या दोन विद्यार्थ्यांनीं भरल्या वहाळांतून पोहून पलीकडे जाण्याची पैज मारली. ती वेळींच मोडली गेली. दोघांना जवळ बसवून विचारलें, तेव्हां त्यांतील एक म्हणाला, “सर, कोलाडला लोक एवढ्याशा होडींतून फेंसाळ पाण्यांत जातात, त्यांचें सगळे कौतुक करतात. मग आम्हांलाच कां रागावतां?” प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करीत आहों.

ज्या होडीचा त्यानें उल्लेख केला तिला कयाक म्हणतात. ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी होय. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सील माशाचें नव्हे, तर सील या सस्तन प्राण्याचें कातडें ताणून ती तयार करीत. बसणाराच्या कमरेभोंवतीं आच्छादन आवळलेलें असल्यामुळें होडी उलटली तरी आंत पाणी शिरत नसे, आणि शिकारी वल्ह्याच्या एका फटक्यासरशीं पुन्हां वर येत असे. ही युक्ति १९२७ सालीं ऑस्ट्रियांतील हान्स पावलाटा यानें साध्य केली व पुढें ती युरोपांत पसरली. १९७२ सालीं म्यूनिक येथील ऑलिंपिक सामन्यांत खळाळत्या पाण्यावरील होड्यांच्या शर्यतींस प्रथम स्थान मिळालें. हल्लींची कयाक प्लॅस्टिकची, साधारणपणें अडीच मीटर लांबीची व एकट्यानें खांद्यावर घेऊन चालतां येईल इतकी हलकी असते. तिच्या वल्ह्यास दोन्ही टोंकांना पातीं असतात.

आतां कोलाडकडे वळूं. मुंबई-गोवा मार्गानें खेड, कशेडी घाट, महाड व माणगांव ओलांडून उत्तरेस गेलें म्हणजे रायगड जिल्ह्यांतील हें गांव लागतें. येथून कुंडलिका नदी रोह्याकडे व पुढें रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. कोंकणांतील नद्या उन्हाळ्यांत आटतात; परंतु कुंडलिकेंत भर उन्हाळ्यांतहि सकाळीं पाणी उसळतें. याचें कारण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मुळशीच्या धरणानें मुळा नदीचें पाणी अडविलें असून तें सुमारें ५०० मीटर खालीं भिरा येथील वीजगृहांत आणिलें जातें. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. त्या धरणाखालीं ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनीं १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला होता. कुंडलिकेच्या लाटांवर हंसत खेळत जाणारानें ही गोष्ट विसरूं नये.

जें पाणी बंगालच्या उपसागराकडे जावयाचें, तें अशा रीतीनें पश्चिमेस वळून अरबी समुद्रास मिळतें. आमच्या वाशिष्ठीचीहि हीच कथा आहे. कोयनेचें पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहांत येतें व तेथून अखेर वाशिष्ठींत उतरतें. अशा नद्यांचें पाणी पाऊस नसतांनाहि वाढतें, हें कांठच्या मुलांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

खळाळत्या पाण्याच्या सहा श्रेणी मानिलेल्या आहेत. पहिली अगदीं सोपी, तर सहावी जिवावरची. कोलाड येथील पाणी साधारणतः दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणींत मोडतें. त्यांतून जाणारा मनुष्य बळानें पाण्यास जिंकीत नाहीं. तें त्यास शक्यहि नाहीं. एक घनमीटर पाण्याचें वजन एक टन भरतें, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून तो आधीं पाणी वाचावयास शिकतो. दोन खडकांमधून गुळगुळीत पाण्याची जीभ खालच्या बाजूस निमुळती होत गेलेली दिसली, तर ती बहुधा मोकळी वाट असते. उलट, निमुळतें टोंक आपल्याकडे असून पाणी तेथून दोहों बाजूंस फांकत असेल, तर त्या टोंकाशीं खडक दडलेला आहे असें समजावें. मोठ्या खडकाच्या मागें पाणी उलटें, म्हणजे वरच्या दिशेनें वळतें. कयाक चालविणारा या परतत्या पाण्यांत होडी घालून थांबतो, दम घेतो आणि पुढचा टप्पा न्याहाळतो. सबंध खळाळ तो एका दमांत कधींच उतरत नाहीं. एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंत जातो.

कांहीं जागा मात्र तो कटाक्षानें टाळतो. बंधाऱ्यावरून सरळ रेषेंत पडणारें पाणी दिसावयास निरुपद्रवी असतें. परंतु खालीं पडल्यावर तें मागें वळतें, आणि सांपडलेल्या माणसास पुन्हां पुन्हां बंधाऱ्याकडेच ओढतें. तेथील फेंसांत हवा मिसळलेली असल्यामुळें अंग नीट तरंगतहि नाहीं. प्रवाहांत आडवें पडलेलें झाड तर याहूनहि वाईट. फांद्यांमधून पाणी जातें, माणूस अडकतो. वेगाच्या पाण्यांत उभें राहण्याची धडपड केली, तर पाऊल दगडांच्या फटींत रुतून मनुष्य पाण्याखालीं दाबला जातो. म्हणून वाहत जाणारानें उताणें होऊन पाय पुढें, प्रवाहाच्या दिशेस, ठेवावेत व तिरकें पोहत कांठ गांठावा.

खोल घळींत या सर्व संकटांस आणखी एकाची जोड मिळते. दोन्ही बाजूंस कडे असल्यामुळें कांठच उरत नाहीं, आणि अरुंद जागेंत पाणी झपाट्यानें चढतें. १८६९ सालीं अमेरिकेंत एका हाताचा मेजर पॉवेल चार लांकडी होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळींतून गेला. जेथें धोका दिसे तेथें त्याचीं माणसें होड्या दोरांनीं उतरवीत किंवा खांद्यावर वाहून नेत. आपल्या ब्रह्मपुत्रेचा तिबेटांतील प्रवाह, त्सांगपो, हा तर जगांतील अत्यंत खोल घळींपैकीं एकींतून वाहतो. तेथें १९९८ सालीं एक निष्णात कयाकपटु बुडाला. २००२ सालीं दुसऱ्या पथकानें वरची घळ उतरून दाखविली. परंतु पुढचा भाग अशक्य दिसतांच ते लोक होड्या घेऊन बर्फाच्छादित खिंडींतून डोंगर चढून गेले. त्या चढण्यास कोणींहि भित्रेपणा म्हटलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यास उत्तर द्यावयाचें तें हेंच. कयाक चालविणारा आधीं कांठावरून चालत जाऊन खळाळ पाहतो. डोक्यावर शिरस्त्राण व अंगावर तरंगणारें जाकीट घालतो. खालच्या अंगास हातांत दोर घेतलेला सोबती उभा करतो. आणि एवढें करूनहि पाणी रुचलें नाहीं, तर होडी खांद्यावर घेऊन परत फिरतो. पैज मारणाराजवळ यांतलें कांहीं नसतें. परत फिरण्याची मोकळीकहि तो पैजेंत आधींच हरून बसलेला असतो. बाळांनो, आम्ही तुमच्या धैर्यावर रागावलों नाहीं. धैर्यास डोळे असावेत, इतकेंच आमचें म्हणणें आहे. येत्या पावसाळ्यांत वहाळ भरला म्हणजे कांठावर सुरक्षित अंतरावर उभे राहा, जीभ कोठें आहे, परततें पाणी कोठें आहे, तें ओळखा आणि घरीं येऊन आम्हांस सांगा. पाणी वाचतां येऊं लागलें, कीं कोणत्या पाण्यांत पाऊल घालूं नये हें तुम्हांस दुसऱ्यानें सांगावें लागणार नाहीं.