तांबडा रस्सा, मशेरी आणि जनुकांची परीक्षा

तिखटानं कॅन्सर होतो, हे कोल्हापूरकराला पाहुण्यांकडून नेहमी ऐकावं लागतं. त्यावर ‘आमचे आजोबा शेवटपर्यंत तांबडा रस्सा ओरपत होते’ हे उत्तर ठरलेलं. गंमत म्हणजे पाहुण्यांच्या बाजूनं एक खराखुरा शोधनिबंध आहे, आणि तोही मुंबईचा. टाटा मेमोरियलच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या एम. नागभूषण आणि एस. व्ही. भिडे यांनी १९८५ साली मिरचीचा अर्क आणि मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन जनुकीय चाचण्यांत घालून पाहिलं. निकाल होकारार्थी आला.

‘चाचणी होकारार्थी, म्हणजे कॅन्सर होणारच’

या चाचण्यांतली सगळ्यांत जुनीजाणती म्हणजे एम्स चाचणी. अमेरिकेत बर्कलीला ब्रूस एम्स यांनी ती १९७०च्या दशकात रूढ केली. तिच्यातले साल्मोनेला जिवाणू मुद्दाम अधू केलेले असतात. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल त्यांना स्वतः बनवता येत नाही, ते बाहेरून मिळालं नाही की त्यांची वाढ खुंटते. जवळजवळ हिस्टिडिन नसलेल्या बशीत त्यांना ठेवून संशयित रसायन घालायचं. रसायनानं जनुकात बदल घडवला, तर त्यातल्या काहींचा मूळ दोष उलटा फिरतो आणि ते वाढू लागतात. दोनेक दिवसांनी ठिपके मोजायचे. काही ठिपके रसायनाविनाही उगवतात, म्हणून तुलनेला रसायन न घातलेली बशी लागते, आणि मात्रा वाढवली की ठिपके वाढतात का हे बघावं लागतं.

एवढीच ती परीक्षा: हे द्रव्य डीएनएला धक्का लावू शकतं का? रोज किती पोटात जातं, शरीर त्याचं काय करतं, पेशी झालेली इजा दुरुस्त करते का, हे ती विचारतच नाही. कांद्यातलं क्वेर्सेटिन एम्स चाचणीत होकारार्थी येतं. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९९ साली त्याला ‘कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही’ या गटात ठेवलं. आपली कांदा-लसूण चटणी या एका चाचणीवर सोडली, तर कांद्यावरच नापास व्हायची.

शिवाय बशीत नेमकं काय घातलं, हाही प्रश्न असतो. मिरचीच्या अर्कात तिखटाखेरीज बरंच काही उतरतं. २००४ साली अतिशुद्ध कॅप्सेसिनवरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा एम्स चाचणीत आणि अस्थिमज्जेच्या चाचणीत दोष आढळला नाही. २००९ साली युरोप-अमेरिकेत मज्जातंतूंच्या वेदनेवर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी औषध म्हणून मंजूर झाली. जिभेची आग म्हणजे इजा, हेही खरं नाही. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहीला कॅप्सेसिन चिकटतं आणि मेंदूला भाजल्याची वर्दी जाते. डीएनएचा त्यात संबंध नाही.

‘नैसर्गिक आहे, तपासायची गरज काय?’

खुद्द एम्स यांनीच हा समज खोडला. कीड-बुरशीपासून बचावासाठी वनस्पती स्वतः विषं तयार करतात, आणि अमेरिकी आहारातल्या कीटकनाशकांपैकी वजनानं ९९.९९ टक्के याच प्रकारची असतात, असा हिशेब त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९० साली मांडला. डंकावर नेण्याआधी मिरची नीट वाळवायची, त्यामागं बुरशीच्या विषाचंही कारण आहे. ओलसर मिरचीवर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन पूर्ण नैसर्गिक आहे आणि माणसात यकृताचा कॅन्सर घडवतं. ते मुळात तसं निरुपद्रवी वाटतं. यकृतातली विकरं त्याचं रूप बदलतात, तेव्हा ते डीएनएला जाऊन चिकटतं. म्हणूनच एम्स चाचणीच्या बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळतात. तो नसेल तर अफ्लाटॉक्सिन साळसूदपणे सुटून जाईल.

लालभडक रंगाचा मोहही तसाच फसवा, तो रंग नैसर्गिक असेलच असं नाही. २००३ साली भारतातून गेलेल्या तिखटात फ्रान्सला सुदान-१ हा औद्योगिक रंग सापडला. तो जनुकांना घातक आहे आणि खाद्यपदार्थांत त्याला परवानगी नाही. तिखटाला भ्यायचं त्यानं आधी रंगाला भ्यावं.

‘औषध बाजारात आलं, म्हणजे त्यात असलं काही नसणारच’

माणसाला नव्या औषधाचा पहिला डोस देण्याआधी जनुकीय चाचण्या लागतात, हे खरं. एम्स चाचणीला गुणसूत्रांची मोडतोड दिसत नाही, म्हणून पेशींत सुटे राहिलेले छोटे केंद्रक मोजणारी चाचणीही जोडीला असते. पण सायक्लोफॉस्फामाइडसारखं कॅन्सरवरचं औषध डीएनएला इजा करूनच काम करतं. तिथं दोषच गुण ठरतो. आणि कधी औषध निर्दोष, पण त्यात राहिलेली अशुद्धी सदोष असते. २०१८ साली रक्तदाबाच्या व्हल्सार्टनमध्ये एनडीएमए हे कर्करोगकारक समजलं जाणारं नायट्रोसामाइन सापडलं, ते औषध बनवण्याच्या रासायनिक प्रक्रियेत तयार झालेलं होतं. त्याची दिवसाची मर्यादा ०.०९६ मायक्रोग्रॅम धरली जाते. ही मर्यादा आयुष्यभर रोज घेण्याच्या हिशेबानं काढलेली आहे. तेव्हा बातमी वाचून गोळी परस्पर बंद करणं हा त्याहून मोठा धोका, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णाला.

‘भाजली की तंबाखूतलं विष जळून जातं’

मला सगळ्यांत जास्त खटकतो तो हा समज. दात घासायला म्हणून तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून मशेरी करतात, आणि घासणं कधी संपतं व ती तोंडात धरणं कधी सुरू होतं ते वापरणाऱ्या बाईला कळतही नाही. मिरचीची परीक्षा घेणाऱ्या मुंबईच्या त्याच संस्थेत १९८०च्या दशकात मशेरीही तपासली गेली. तिचा अर्क जिवाणूंच्या चाचणीत जनुकबदल घडवणारा ठरला. भाजल्यानं तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नाहीशी होत नाहीत, उलट बेंझोपायरीनसारखी धुरातली द्रव्यं त्यात भर घालतात. इथं निकाल एका बशीवर थांबत नाही: धूरविरहित तंबाखू माणसात तोंडाचा कॅन्सर घडवते, हे माणसांवरच्या अभ्यासांतूनही सिद्ध आहे. हॅन्स स्टिच यांच्या गटानं केरळच्या तंबाखू-पान खाणाऱ्या मच्छीमारांच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून पाहिल्या, तेव्हा त्यांत तेच सुटे छोटे केंद्रक मोजायला मिळाले. दुखणं नसलं, डाग नसला, तरी पेशींत मोडतोड झालेली असू शकते. गालात झालेली ही मोडतोड मुलाबाळांत उतरत नाही, त्यासाठी ती बीजपेशींत व्हावी लागते. ती भोगायची असते ज्याच्या त्यानंच. तांबड्या रश्श्यावर वाद घालणाऱ्या घरात चुलीवर मशेरी भाजली जात असेल, तर वाद चुकीच्या भांड्यावर चालला आहे.