तुरीचे भाव आणि एसक्यूएलमधले नंबर

अकोल्यात डेटाबेस शिकणाऱ्या एका पोराचा काल मेसेज: "भाऊ, ग्रुप बायनं हरेक बाजार समितीची शेवटची तारीख भेटते, पण त्या दिवसाचा भाव कसा आनू?"

हे काम विंडो फंक्शनचं. ग्रुप बाय ओळी गुंडाळून एक करतं. विंडो फंक्शन ओळी तशाच ठेवून शेजारी नंबर टाकतं.

समजा, तुरीचा क्विंटलचा भाव असा: अकोला ७२००, अकोट ७१००, मूर्तिजापूर ७१००, तेल्हारा ७०५०. भाव उतरत्या क्रमानं लावला, तर तीन विंडो फंक्शनं असे नंबर देतात:

रो नंबर देईल १, २, ३, ४.
रँक देईल १, २, २, ४.
डेन्स रँक देईल १, २, २, ३.

रो नंबरमध्ये अकोट आधी की मूर्तिजापूर, याची खात्री नाही. ऑर्डर बायमध्ये भावानंतर गावाचं नावही द्या, मग क्रम पक्का.

आता पोराच्या प्रश्नाचं उत्तर. रो नंबर, ओव्हरच्या कंसात पार्टिशन बाय बाजार, ऑर्डर बाय तारीख उतरत्या क्रमानं. म्हणजे प्रत्येक बाजाराची मोजणी १ पासून, ताजी नोंद पहिली. नंबर १ च्या ओळी उचलायच्या.

पण वेअरमध्ये थेट नाही हं! वेअर आधी चालतं, नंबर नंतर पडतात. म्हणून ही क्वेरी सबक्वेरीत घालायची आणि बाहेरून गाळायचं. मुलाखतीत हमखास विचारतात.

मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शनची सोय ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून. पोस्टग्रेसमध्ये २००९ पासूनच. क्वेरी चालत नसेल तर आधी आवृत्ती बघा.

कुणाची क्वेरी अडली असेल तर खाली टाका. टेबलचे कॉलमही लिहा, नाहीतर मी काय ओळखणार?