ट्रम्पेट पडद्यावर येतो तेव्हा
(सूर आणि पडदा : लेखांक ९)

२०१५ साली ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली, तेव्हा नगर जिल्ह्यात ती वाचली गेली ती 'ख्वाडा'साठी. श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी स्वतःची जमीन विकून केलेल्या या सिनेमाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. त्याच यादीत आणखी एक स्वतंत्र सिनेमा होता आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी झाली नाही. बार्डरॉय बार्रेटो यांचा 'नाचुंया कुंपासार' हा तो कोकणी सिनेमा. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट, अपर्णा रैना यांना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार आणि नायिका पालोमी घोष हिची विशेष दखल, असे तीन सन्मान त्याने मिळवले. जॅझच्या सुरांवर उभा राहिलेला हा सिनेमा आज आपला विषय आहे.

सिनेमातली डोना आणि लॉरी ही पात्रं काल्पनिक असली, तरी त्यांच्यामागे लॉर्ना कॉर्देरो आणि ख्रिस पेरी आहेत, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. मडगावच्या बोर्डा भागात जन्मलेले पेरी ट्रम्पेटही वाजवत आणि सॅक्सोफोनही. साठच्या दशकात त्यांनी मुंबईत बँड चालवला आणि लॉर्नाचा आवाज घडवला. पुढे दोघांची फारकत झाली. त्यानंतर जवळजवळ दोन तपं लॉर्ना गाण्यापासून दूर राहिली. १९९५मध्ये ती पुन्हा रंगमंचावर आली तेव्हा गोव्याने तिला डोक्यावर घेतलं.

या दोघांच्या मागे एक अख्खी पिढी उभी होती. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला आणि शहराला जॅझची गोडी लागली. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली गोव्याची मुलं या बँडांमध्ये शिरली. रात्री हॉटेलात स्विंग वाजवायचा आणि दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी, असा त्यांचा दिनक्रम होता. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली ठळक नावं. आपण लहानपणापासून ऐकत आलेल्या कित्येक हिंदी गाण्यांची अरेंजमेंट यांच्या हातची आहे. पडद्यावर नाव मात्र बहुतेक वेळा संगीतकाराचंच झळकलं. हा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे. 'नाचुंया कुंपासार'ला मिळालेल्या सन्मानाचं मोल मला वाटतं ते यासाठीच. नायक-नायिकेच्या मागच्या धूसर कोपऱ्यात उभा राहणारा वादक त्यात पुढे आला.

आता कारागिरीकडे वळू. वादन पडद्यावर आणणं जॅझच्या बाबतीत विशेष अवघड असतं, कारण वादक तोच तुकडा दुसऱ्यांदा तसाच वाजवत नाही. साध्या प्रसंगात पहिल्या टेकचा क्लोजअप आणि तिसऱ्या टेकचा लाँग शॉट बिनधास्त जोडता येतो. इथे बोटं एक स्वर सांगतात आणि कानावर दुसराच पडतो. ट्रम्पेटला तीनच कळा असतात, बाकीचं काम ओठ आणि श्वास करतात. त्यामुळे नुसत्या कळा दाबणारा नट लगेच उघडा पडतो. खरा वादक वरचा सूर लावण्याआधी ओठांचे कोपरे आवळतो, पोटातून दम घेतो आणि मगच मानेची शीर तटतटते.

यावर जगात दोन वाटा निघाल्या. १९४४च्या 'जॅमिन द ब्लूज' या लघुपटात ग्योन मिली या छायाचित्रकाराने आधी संगीत ध्वनिमुद्रित केलं आणि मग त्याच वादकांना त्या मुद्रणावर वाजवल्यासारखं करायला लावून चित्रीकरण केलं. वादक अस्सल होते, पण वादन आधीच होऊन गेलेलं. बर्ट स्टर्न यांनी 'जॅझ ऑन अ समर्स डे'साठी उलटी वाट धरली. १९५८च्या न्यूपोर्ट महोत्सवात एकापेक्षा जास्त कॅमेरे लावून, लुई आर्मस्ट्राँग आणि महालिया जॅक्सन प्रत्यक्ष गात-वाजवत असतानाच त्यांना टिपलं. तिथे रीटेक नव्हता, निसटलं ते निसटलं. श्रोत्यांचे चेहरे, घाम, आइस्क्रीम खाणारी माणसं, असं सगळं त्या सिनेमात आलं ते त्यामुळेच.

बार्रेटो यांना दुसरी वाट बंदच होती, कारण त्यांच्या पात्रांचा काळ सरून गेलेला होता. त्यांनी त्या काळातली वीसेक कोकणी गाणी घेतली आणि कथाच त्या गाण्यांतून पुढे नेली. गाणं आलं म्हणून गोष्ट थांबत नाही, गाण्यातच दोघं जवळ येतात आणि तुटतात. मातृभाषा बंगाली असलेल्या पालोमीला कोकणी शिकावी लागली. क्लबच्या गायिकेचा माइक धरण्याचा सराईत हात, वाद्यवृंदाकडे टाकलेला इशारा, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं दिसतं की परीक्षकांनी तिची वेगळी दखल घेतली याचं नवल वाटत नाही.

'ख्वाडा'कडे परत येतो, कारण त्याचा दुसरा पुरस्कार आपल्या मुद्द्याचा आहे. महावीर सब्बनवाल यांना तो लोकेशन साउंडसाठी मिळाला, म्हणजे चित्रीकरणाच्या जागीच टिपलेल्या आवाजासाठी. बाहेर माळावर आवाज टिपायचा म्हणजे वाऱ्याशी झगडा आलाच. स्टुडिओत डबिंग करणं कितीतरी सोपं. तरी त्या टीमने जागेवरचा आवाज धरून ठेवला आणि परीक्षकांनी तो ऐकला. अशा स्वतंत्र सिनेमामागे ना मोठा निर्माता असतो ना जाहिरातीचा पैसा. चित्रपटगृहाचा मालक त्याला दुपारचा एखादा शो देतानाही दहादा विचार करतो. पुरस्काराची बातमी आली की निदान दार ठोठावायला एक कारण हाती येतं.

वादन पडद्यावर कसं आणायचं, हे शिकायला आपल्या जिल्ह्यात लांब जावं लागत नाही. नागराज मंजुळे यांनी संज्ञापनाचं शिक्षण नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात घेतलं, आणि त्यांच्या 'फँड्री'तला जब्या हलगी वाजवतो. आज कॅमेरा हाती घेणाऱ्या नगरच्या मुलांना माझा आग्रह आहे की लग्नातल्या बँडच्या ट्रम्पेटवाल्याला एकदा नीट टिपा. वरातीतल्या गर्दीत नको, त्याच्या सरावाच्या वेळी, गाणं सुरू होण्याआधी तो माउथपीस हातात घेऊन ओठ गरम करतो तिथपासून. दोन फोन आणि एक बरा रेकॉर्डर पुरे. गाणं मात्र मध्ये कुठेही न तोडता, सलग घ्या.

पुढच्या लेखांकात हलगीचा आवाज मुद्रित करताना काय काय बिघडतं आणि ती शेकल्यावर तिचा सूर का चढतो, ते पाहू.