सोन्याची कल्हई

सोनं म्हटलं की पिवळंधमक, असंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण त्याचे कण दहा-वीस नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतके बारीक करून पाण्यात ठेवले, तर पाणी माणकासारखं लाल दिसतं! मंडळी, हे बघायला फार लांब जायला नको. वॉटफर्ड जंक्शनवरून यूस्टन, तिथून ट्यूबने ग्रीन पार्क, की जवळच रॉयल इन्स्टिट्यूशन. मायकेल फॅरडेने १८५०च्या दशकात बनवलेलं लाल सोनं तिथे बाटल्यांत अजून टिकून आहे.

फॅरडेच्या लक्षात आलं की त्यात मीठ टाकलं की लाल रंग निळा होतो. कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठामुळे हा जोर कमी पडतो, कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो. पण आधीच थोडं जिलेटिन घातलं, तर ते कणांवर चढून बसतं आणि मिठाचं फारसं चालत नाही.

आपल्या पितळी भांड्यांच्या कल्हईसारखंच हे. भांडं तेच, पण कल्हई गेली की ताक कळकतं. (आम्ही पडलो संगणकवाले, आमच्या भाषेत प्रोग्राम तोच, इंटरफेस बदलला.) लिव्हरपूल विद्यापीठात १९९४ साली सोन्यावर गंधकयुक्त थायॉल चढवलं. हे सोनं पाण्याऐवजी टोल्युइनमध्ये विरघळतं, वाळवून त्याची पूड करता येते आणि ती पुन्हा विरघळते. प्रतिपिंडं चढवली, तर तेच कण नेमका एखादा विषाणू ओळखतात. घरी करायच्या कोविड चाचण्यांपैकी अनेकींवर उमटणारी लालसर रेघ अशाच सोन्याची.

आमच्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण पुण्याचं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ साली सोन्याच्या क्षारात चक्क गवती चहाच्या पानांचा अर्क मिसळला. तयार झाले चपटे त्रिकोण! त्यांचं स्पष्टीकरण असं, की अर्कातली अल्डिहाइड आणि कीटोन द्रव्यं कणांवर चढतात, त्यामुळे कण द्रवासारखे वागून एकमेकांत मिसळतात. हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोषतात. असे किरण शोषून तापणाऱ्या सोन्याने कर्करोगाची गाठ जाळता येईल का, यावर जगभर संशोधन चालू आहे.

पण शरीरात सोडायचं म्हटलं की कल्हईचा प्रश्न जिवाशी येतो. रक्तात शिरलेल्या कणांवर लगेच प्रथिनं चिकटतात आणि यकृत व प्लीहा त्यांना गाळून घेतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप असला, तर कण रक्तात जास्त वेळ टिकतात. म्हणून 'नॅनो गोल्ड'ची जाहिरात दिसली, की सोनं किती यापेक्षा वर काय चढवलंय, हे आम्ही आधी बघतो. सोन्याच्या नॅनोकांड्या बनवताना सीटॅब नावाचं साबणासारखं रसायन वापरतात. ते पेशींना विषारी असतं. त्यामुळे औषधासाठी अशा कांड्या वापरायच्या, तर आधी ते काढून दुसरा लेप चढवावा लागतो.