घाटकोपरचे स्थानक

मुंबईच्या नकाशावर दृष्टी टाकली असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. तिची भूमी रुंदीला थोडी व लांबीला फार. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस ठाण्याची खाडी. या चिंचोळ्या पट्टीवर आगगाडीचे जुने मार्ग दक्षिणोत्तरच घातले गेले. मध्य रेल्वे पूर्वेकडील उपनगरांतून जाते, पश्चिम रेल्वे पश्चिमेकडील. उपनगरांच्या मध्यभागी या दोहोंना आडवा जोडणारा लोहमार्ग मात्र कित्येक वर्षे नव्हता.

घाटकोपरच्या माणसास अंधेरीला जायचे झाले, तर त्याने प्रथम दक्षिणेस दादर गाठावे, तेथे जिने चढून-उतरून दुसरी गाडी धरावी आणि पुन्हा उत्तरेस यावे! हा द्राविडी प्राणायाम टाळून बसने निघावे, तर रस्त्यावर वाहनांची दाटी.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा मुंबईतील पहिला मेट्रोमार्ग सुरू झाला. हा मार्ग सुमारे ११.४ किलोमीटर लांब असून त्यावर १२ स्थानके आहेत. तो उंच खांबांवरून जातो. अंधेरीस तर तो पश्चिम रेल्वेचे रूळ पोलादी पुलाने ओलांडतो. या टोकाहून त्या टोकास जाण्यास वीस-बावीस मिनिटे पुरतात.

दोन्ही गाड्या विजेवरच चालतात. परंतु एकीचे रूळ दुसरीच्या उपयोगी पडत नाहीत. उपनगरी गाडीच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते, मेट्रोच्या रुळांमध्ये १४३५. म्हणून घाटकोपरला गाडी मार्ग बदलत नाही; माणसांनाच तो बदलावा लागतो. पादचारी पूल आणि जिने यांचे महत्त्व येथे कळते. बारा डब्यांच्या उपनगरी गाडीतून लोंढा उतरतो, आणि मेट्रोला डबे अवघे चार! गर्दीच्या वेळी मेट्रो थोड्या थोड्या मिनिटांनी सुटते, म्हणूनच हे निभावते. एखादी गाडी उशिरा आली, की पाहता पाहता माणसे पुलावर तुंबतात. अशा वेळी जिन्यात थबकलेला एकच प्रवासी मागच्या शंभरांना अडवतो, आणि धक्काबुक्कीत कोणी पडले तर जिवावर बेतते. अशा स्थानकाची शक्ती गाड्यांच्या संख्येपेक्षा जिन्यांच्या रुंदीवरून मोजणे अधिक योग्य होय.

स्थानकाबाहेर बेस्टच्या बसगाड्या व रिक्षा मिळतात. (मुंबई शहरात रिक्षांना मज्जाव आहे; त्या उपनगरांतच धावतात.) ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक सोय झाली आहे. घाटकोपरला मेट्रोत बसलेला प्रवासी मरोळ नाक्यास उतरतो, उंच फलाटावरून थेट जमिनीखाली जातो आणि भुयारी मेट्रोने विमानतळ गाठतो.