वॉरंटी एका वर्षाची, हेलपाटे किती?

लोहा : नवा फ्रिज किंवा दूरचित्रवाणी संच घरी आला की खोके उघडण्याच्या घाईत वॉरंटी कार्डाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडद्यावर आडव्या रेषा उमटू लागल्या की त्याच कार्डासाठी कपाट उपसले जाते. दुकानदार कंपनीच्या टोल फ्री क्रमांकाकडे बोट दाखवितो. तालुक्याच्या गावी कंपनीचे सेवा केंद्र नसेल, तर नांदेडहून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहणे एवढेच ग्राहकाच्या हाती उरते.

लोहा तालुक्यातीलच माळेगावच्या खंडोबा यात्रेत जनावर घेणारा शेतकरी दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच सौदा पक्का करतो. बंद खोक्यातील यंत्राचे दात पाहण्याची सोय नाही. त्यामुळे अशा खरेदीत कायद्यानेच काही जबाबदारी विक्रेत्यावर टाकली आहे. माल विक्री अधिनियम, १९३० नुसार, त्या मालाचा व्यापार करणाऱ्याने वर्णनावरून विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे, ही अट व्यवहारात गृहीतच धरली जाते. कार्ड हरवले म्हणून ही अट हरवत नाही.

कार्डावरील बारीक अक्षरांत मात्र बरेच काही दडलेले असते. जाहिरातीत ठळकपणे झळकणारी दहा वर्षांची वॉरंटी बहुधा केवळ कॉम्प्रेसरपुरती असते. गॅस भरणे, मजुरी, वाहतूक यांचा खर्च त्यातून वगळलेला असू शकतो. उंदराने कुरतडलेली वायर, फुटलेला पडदा, अनधिकृत कारागिराने उघडलेले यंत्र हेही सामान्यतः वॉरंटीबाहेर राहतात. दुरुस्तीत गेलेले दिवस मुदतीत मिळविले जाणार नाहीत, असे कलमही अनेक कार्डांवर आढळते. म्हणजे संच दोन महिने सेवा केंद्रात पडून राहिला, तरी वर्षातील ते दोन महिने ग्राहकाचेच गेले!

सर्वाधिक वाद होतो तो व्होल्टेजवरून. घरगुती वीज २३० व्होल्टची असावी असे मानले जाते. पण दाब कमी-जास्त होणे ग्रामीण भागाला नवे नाही. याचा आधार घेऊन ‘व्होल्टेजमुळे बिघाड’ असा शेरा मारला की वॉरंटी नाकारणे सोपे जाते. हा शेरा तोंडी ऐकून परत फिरू नये. तो जॉबकार्डवर कारणासह लिहून मागावा. नव्या यंत्रातील दोष चाचणीशिवाय ठरविता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग ते प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चाचणीचे शुल्क मात्र तक्रारदारास भरावे लागू शकते.

या लढ्याला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा देशात स्वतंत्र ग्राहक कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. त्यात तक्रार कोठे करावी ही अडचण होती. विरुद्ध पक्षाचे कार्यालय असेल किंवा तक्रारीचे कारण घडले असेल तेथेच दाद मागावी लागे. लग्नाच्या बस्त्याबरोबर हैदराबादहून संच आणणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबाला ते परवडणारे नव्हते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ग्राहक जेथे राहतो तेथेही तक्रार करण्याची मुभा दिली. लोह्याच्या ग्राहकासाठी आता नांदेडचे जिल्हा आयोग पुरेसे आहे, मग वस्तू ऑनलाइन मागविलेली का असेना.

पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. वकील देणे बंधनकारक नाही आणि ऑनलाइन तक्रारही दाखल करता येते. दोष काढून देणे, वस्तू बदलणे, किंमत परत करणे व नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. पावती न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसल्यास सदोष वस्तू तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे, हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. थोडी सूट मिळते म्हणून बिनपावतीची खरेदी करणारा ग्राहक हाच पुरावा आपल्या हाताने सोडून देतो.

आयोगापूर्वी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. ही यंत्रणा कंपनीकडे पाठपुरावा करते, निवाडा देत नाही. आयोगासमोरील प्रकरण तीन महिन्यांत, चाचणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. तारखांचा अनुभव अनेकदा वेगळा असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवितो’ या आश्वासनांवर ही मुदत निघून गेल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि प्रत्येक भेटीचे जॉबकार्ड जपलेले असल्यास ते तेथे कामी येते.